चौथं माप उशिरा का पडतं?

मी एक जुनी कॅसेट आहे. साठ मिनिटांची, राखाडी रंगाची. माझ्यावरच्या कागदी पट्टीवर निळ्या शाईत तीन शब्द लिहिले आहेत : "मोजणी. पुसू नये."

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू तुमच्यापैकी पुष्कळांनी हातात घेतली नसेल, म्हणून आधी माझी रचना सांगते. माझ्या पोटात नव्वद मीटर लांबीची एक पातळ फीत आहे. तिची रुंदी चार मिलिमीटरही भरत नाही. तिच्यावर लोखंडाच्या गंजासारखी तपकिरी भुकटी बसवलेली असते आणि त्या भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे एक इवलासा चुंबक. आवाज साठवायचा म्हणजे या कणांची तोंडं इकडेतिकडे वळवायची. भिंगातून पाहिलं तरी ते वळणं दिसत नाही. आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कुणाला ठाऊक नसते. आपल्या अंगावर काय उमटलं आहे, हे कॅसेटला स्वतःला कळत नाही. कुणी वाजवलं तरच तिला ते ऐकू येतं. त्यामुळे माझं बरंचसं आयुष्य माझ्याच पोटात काय आहे या कुतूहलात गेलं.

माझ्या कामाचा पहिला दिवस १९८९ सालातला. लोहाऱ्यात महालिंगप्पांचा करडईच्या तेलाचा लाकडी घाणा होता. आसपासचे शेतकरी करडई घेऊन यायचे आणि तेल व पेंड घेऊन जायचे. घाण्यात पडण्याआधी करडई मोजली जायची. ते काम नागूबाईंचं. एका हातात लोखंडी माप, दुसऱ्या हातात एक चपटी लाकडी पट्टी. माप करडईत खुपसायचं, पट्टीने वरचा ढीग सपाट करायचा, डब्यात ओतायचं आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. धान्य मोजणाऱ्यांची ती रीत होती. सुरुवात शुभ शब्दाने व्हावी, एवढाच तिचा अर्थ. लाभ, दोन, तीन, चार असं ते चालायचं.

त्या आठवड्यात धोंडीबा नावाच्या एका शेतकऱ्याचं आणि नागूबाईंचं वाजलं होतं. धोंडीबा म्हणत होते की माझी चव्वेचाळीस मापं भरली, आणि नागूबाई म्हणत होत्या की त्रेचाळीस.

"तुझं ध्यान घाण्याच्या बैलाकडं व्हतं," धोंडीबा म्हणाले.

"आन तुमचं तंबाखूच्या डबीकडं," नागूबाई म्हणाल्या. "बैलानं तरी माझी मापं मोजली असती."

भांडण मिटेना. महालिंगप्पा शांत माणूस होते. त्यांनी सोलापूरहून एक टेपरेकॉर्डर आणला आणि त्याच्याबरोबर मला. पुढच्या खेपेला धोंडीबांची पोती आली तेव्हा त्यांनी यंत्र करडईच्या ढिगाशेजारी एका स्टुलावर ठेवलं. त्यांच्या मते हा पक्का साक्षीदार होता. मोजणारा चुकेल, ऐकणारा चुकेल, पण यंत्र कसं चुकेल? भांडण झालंच तर सगळ्यांनी बसून ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं.

लाल बटण दाबलं गेलं आणि माझी फीत सरकू लागली. पुढे काय झालं ते माझ्या अंगावर आहे, पण तेव्हा मला ऐकू आलं नाही, कारण आवाज उमटत असताना कॅसेट बहिरी असते. एवढं मात्र खरं की त्या दिवशी भांडण झालं नाही आणि साक्षीदाराची गरजच पडली नाही. महालिंगप्पांनी मला परत गुंडाळलं, माझ्यावर ते तीन शब्द लिहिले आणि तेलाच्या एका रिकाम्या डब्यात ठेवून दिलं.

चार वर्षांनी घाणा बंद झाला. बैल विकले गेले. नागूबाई दुसऱ्यांच्या शेतावर खुरपायला जाऊ लागल्या. मी डब्यातच होते. डबा पत्र्याखालच्या माळ्यावर गेला. उन्हाळ्यात तिथलं तापमान किती होत असेल याचा हिशेब कुणी केला नाही. माझ्या मधोमध स्पंजाचा एक छोटा तुकडा असतो, तो फितीला यंत्रातल्या आवाज वाचणाऱ्या टोकाशी दाबून धरतो. तो सुकला आणि सैल झाला. एकूण वीस वर्षं मी त्या डब्यात पडून होते.

मला खाली काढलं महालिंगप्पांच्या नातवाने, शिवपुत्रने. साल २००९. महालिंगप्पा तोवर वारले होते. शिवपुत्र सोलापूरला डिप्लोमा करत होता आणि तिथल्या वसतिगृहात त्याला एका नव्या तऱ्हेच्या संगीताचा नाद लागला होता. हिप-हॉप म्हटलं की लोकांना भराभर बोलणारा गायक आठवतो. पण त्याचा एक प्रकार असा आहे की त्यात कुणी गात नाही आणि बोलतही नाही. जुन्या ध्वनिमुद्रणातून एखादा तुकडा कापायचा, तो पुन्हापुन्हा वाजवायचा आणि त्याच्यावर दुसरे तुकडे रचत जायचे. अशा कापलेल्या तुकड्याला सॅम्पल म्हणतात. शिवपुत्रकडे महागडी यंत्रं नव्हती. होता एक जुना संगणक, दोन तळहाताएवढे स्पीकर आणि माळ्यावरच्या कॅसेटींचा डबा.

त्याने एकेक कॅसेट लावून पाहिली. एका लग्नातल्या सनईचा श्वास घेतला. एका भजनाआधी कुणीतरी पेटीचा भाता नुसताच हलवला होता, तो घेतला. मग माझी पाळी आली. सुरुवातीच्या मिनिटातच तो थांबला. त्याने यंत्रातून संगणकाला तार जोडली आणि माझ्यातले आठ सेकंद उचलले.

आठ सेकंद म्हणजे माझ्या फितीचे सुमारे अडतीस सेंटिमीटर. माप खुपसल्याचं 'खस्स', पट्टीचं 'टक', डब्यात करडई पडल्याचं 'धप्प', आणि वर एका बाईचा आवाज : लाभ, दोन, तीन, चार. त्याने तो तुकडा दुप्पट वेगाने चालवला. वेग दुप्पट झाला की आवाजही दुप्पट बारीक होतो, त्यामुळे नागूबाईंचा आवाज एखाद्या आठ वर्षांच्या मुलीसारखा झाला. खाली घाण्याचं कण्हणं लांबवून ठेवलं.

तेवढं घेऊन त्याने मला बाहेर काढलं आणि डब्यात टाकलं. बाकीचे एकोणनव्वद मीटर त्याने ऐकले नाहीत. त्याचा दोष नाही. त्याला हवं ते मिळालं होतं.

त्याच्या नऊ रचनांच्या संग्रहाचं नाव होतं 'लाभ दोन'. त्यात एकही गाणं नव्हतं. तुळजापुरात लॉजच्या गल्लीत एका मित्राचं मोबाइलचं दुकान होतं. तिथे मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायला लोक येत. मित्राने प्रत्येक कार्डात न विचारता 'लाभ दोन'सुद्धा भरायला सुरुवात केली. लोहारा-उमरगा रस्त्यावरच्या जीपवाल्यांना ते आवडलं, कारण त्यावर पाय आपोआप हलायचा आणि बायामाणसांसमोर लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं. पुढे कुणीतरी ते इंटरनेटवर चढवलं.

पुढच्या काही वर्षांत काय झालं ते मला तुकड्यातुकड्याने समजलं, कारण शिवपुत्रने लोहाऱ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढलं आणि माझा डबा त्या दुकानाच्या फळीवर आला. हैदराबादहून, नागपूरहून, कुठल्या कुठल्या परदेशातून त्याला पत्रं यायची. त्यांतला प्रश्न बहुधा एकच असायचा : चौथं माप उशिरा का पडतं?

हे नीट समजून घ्या. लाभ आणि दोन यांत जेवढं अंतर, तेवढंच दोन आणि तीन यांत. पण चौथं माप ओतल्याचं 'धप्प' थोडं मागे राहतं. दुप्पट वेगाने वाजवल्यावर ते मागे राहणं पाव सेकंदाचं भरतं. ऐकणाऱ्याचा पाय खाली यायला निघालेला असतो आणि जमीन जराशी लांब गेलेली असते. त्या लंगडण्यातच सगळी मोहिनी होती. मुलं ते शिकू लागली. आपापल्या संगणकावर चौथा ठोका मुद्दाम मागे ओढू लागली. त्याला 'मापाचा ठेका' असं नावही पडलं. काहींनी तर 'लाभ दोन' न ऐकताच तो उचलला, ज्यांनी ऐकलं होतं त्यांच्याकडून.

कारणांबद्दल तर्क पुष्कळ होते. कुणी म्हणे, घाण्याचा बैल लंगडा असेल. कुणी म्हणे, संगणकाची चूक. शिवपुत्र स्वतः म्हणायचा, "कॅसेट जुनी हाय, तितं ताणली असंल." हे ऐकून मला वाईट वाटायचं.

एकदा सिद्धाराम नावाचे बँडवाले मोबाइल दुरुस्तीला आले. लग्नाच्या वरातीत हलगी वाजवणारा हा माणूस. बसल्याबसल्या त्यांनी बोटांनी काउंटर वाजवायला सुरुवात केली. चौथा ठोका उशिरा.

"ह्यो ठेका कुठला, काका?" शिवपुत्रने विचारलं.

"ह्यो? आमचा जुनाच हाय. माझा आज्जा वाजवायचा."

"आज्जा?"

"व्हय की. तुमा पोरास्नी काय कळतंय त्यातलं. तुमचं समदं कंप्युटरवर."

शिवपुत्रने मान हलवली आणि मोबाइलची काच बसवत राहिला. मला वाटतं, आपला ठेका आता लोकांना आज्ज्याच्या काळचा वाटतोय म्हणून त्या दिवशी तो मनातून फार खूश होता.

आता शिवलीलाची ओळख करून देते. ती नागूबाईंची नात. तुळजापूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. २०२५ साली ती वर्गात आवाजाची कंपनं शिकवत होती. वेग आणि स्वराची उंची यांचा संबंध दाखवायला तिने मुलांना म्हटलं, तुमच्या आवडीचं काहीतरी लावा. एका मुलीने 'लाभ दोन' लावलं. शिवलीलाने त्याचा वेग निम्मा केला, म्हणजे शिवपुत्रने जे केलं होतं ते नकळत उलटवलं. बारीक आवाज खाली उतरला. वर्गातल्या स्पीकरमधून एक प्रौढ बाई जाड, जरा खरखरीत आवाजात म्हणाली : लाभ. दोन. तीन. चार.

शिवलीला खडू हातात धरून उभी राहिली. तो आवाज तिने चौदा वर्षं ऐकला नव्हता.

कारण असं की २०११ साली नागूबाईंच्या घशात गाठ निघाली आणि शस्त्रक्रियेत त्यांची स्वरपेटी काढावी लागली. त्या जगल्या, खडखडीत बऱ्या झाल्या, पण आवाज गेला. तेव्हा घरात एकच साधा फोन होता आणि कुणाला त्यांचं बोलणं साठवून ठेवायचं सुचलं नाही. रोज ऐकू येणारी गोष्ट कोण साठवतं? आता त्या नुसते ओठ हलवतात. शिवलीलाची सात वर्षांची मुलगी, निकिता, ते ओठ सगळ्यांत चांगले वाचते.

गंमत म्हणजे शस्त्रक्रियेच्या आदल्या वर्षी नागूबाईंनी स्वतः हा तुकडा जीपमध्ये ऐकला होता. शेजारणीला त्या म्हणाल्या होत्या, "कोन गं ही पोरगी? हात चांगला चालतोय, पर चौथ्याला अडखळतीया."

शिवलीलाने घरी येऊन निकिताला ते आठ सेकंद ऐकवले. निकिताने पाच वेळा ऐकले. मग विचारलं, "आई, पणजीला चारच्या पुढं येत न्हवतं का?"

शिवलीला हसली, पण प्रश्न तिच्या मनात राहिला. साऱ्या जगाला तिच्या आजीचे चार आकडे ठाऊक होते आणि घरात तिचं एक वाक्यही नव्हतं. ती लोहाऱ्याला शिवपुत्रच्या दुकानात आली.

"हा आवाज माझ्या आज्जीचा आहे. मूळ कॅसेट आहे का तुमच्याकडं?"

शिवपुत्रने हातातला मोबाइल खाली ठेवला. "मॅडम, म्या पंधरा वर्षं लोकांना सांगतोय, कोन बाई हाय ठावं न्हाय म्हनून. कॅसेट घावली तवा आज्जा गेलेला, इचारनार कुनाला?" मग त्याने डबा खाली घेतला आणि मला काढून काउंटरवर ठेवलं. "ही बघा. पर लावू नगा. स्पंज निगालाय, फीत चिकाटलीया. एकदा लावली आन यंत्रात गुतली तर संपलं."

"पूर्ण कधी ऐकली होती तुम्ही?"

"न्हाय," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"म्हणजे आकड्यांशिवाय यात आज्जी काही बोललीय का, हे कुणालाच माहीत नाही."

"न्हाय."

मलाही माहीत नव्हतं, मित्रांनो. मी तिथेच पडले होते, आणि त्या बाईला एक वाक्य हवं होतं, आणि ते माझ्यात आहे की नाही हे मला सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं जे नुसतं कुतूहल होतं ते त्या क्षणी ओझं झालं.

शिवलीलाने घाई केली नाही. तिने मला पंधरा दिवस एका हवाबंद डब्यात ठेवलं, सोबत नव्या बुटांच्या खोक्यांत येतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्या. या पंधरा दिवसांत तिने दुसऱ्या तीन निरुपयोगी कॅसेटी उघडून हात बसवला. पहिलीची फीत फरशीवर पसरली. दुसरीची एक चकती हरवली. तिसरी जमली. मग तिने माझे पाचही स्क्रू काढले आणि माझी फीत, दोन्ही चकत्यांसकट, नव्या स्पंजाच्या खोक्यात बसवली. महालिंगप्पांची पट्टीसुद्धा वाफेवर सोडवून तिने नव्या खोक्यावर चिकटवली.

मधल्या काळात तिने आणखी एक गोष्ट तपासली होती. फीत ताणली असती तर त्या जागी घाण्याचं कण्हणंही खाली उतरलं असतं. शिवपुत्रच्या संगणकातल्या मूळ आठ सेकंदांत तिने ते मोजलं. घाण्याचा सूर जागच्या जागी होता. "कॅसेट ताणलेली नाही," ती शिवपुत्रला म्हणाली. "तिथं आज्जीच थांबलीय." हे ऐकून मला किती हलकं वाटलं ते सांगता येणार नाही.

एका रविवारी सकाळी शिवपुत्र त्याचं यंत्र आणि संगणक घेऊन शिवलीलाच्या घरी आला. नागूबाई पंचाहत्तरीच्या, बारीक अंगाच्या. गळ्यावर मऊ पांढरं फडकं. त्या खुर्चीवर न बसता खाली यंत्रासमोरच बसल्या. निकिता त्यांच्या तोंडाकडे पाहत समोर.

"आज्जी," शिवपुत्र म्हणाला, "तुमचा आवाज म्या न इचारता घेतला. ठावं न्हवतं कुनाचा हाय. पर शोधायला पायजे व्हतं."

नागूबाईंनी ओठ हलवले.

"पणजी म्हणतीया, तू महालिंगप्पाअण्णाचा नातू न्हवं? कान त्याच्यासारखंच हायत," निकिता म्हणाली.

शिवलीलाने बटण दाबलं. आणि छत्तीस वर्षांनी मी पहिल्यांदा स्वतःला पूर्ण ऐकू लागले.

खस्स, टक, धप्प. लाभ. खस्स, टक, धप्प. दोन. तीन. मग चार, आणि ती थांबण्याची जागा. या वेळी शिवपुत्रने मोठे स्पीकर आणले होते. त्या जागेत घाण्याच्या कण्हण्याखाली आणखी काहीतरी होतं. एक खोल, दूरचा, घशातल्या घशात आलेला आवाज. तो तळहाताएवढ्या स्पीकरांतून कधीच ऐकू आला नसता.

"व्हय."

आणि लगेच 'धप्प'.

पाच, सहा, सात, आठ. थांबणं. "व्हय." धप्प.

शिवपुत्रने डोकं धरलं. "कोन हाय ह्यो?"

नागूबाईंचे ओठ भराभर चालू लागले आणि निकिता त्यांच्यामागे धावत बोलू लागली. "पणजी म्हणतीया, ह्यो धोंडीबा. भांडान झाल्यावर अण्णांनी नियम केलाता. दर चौथं माप हातात धरायचं. ज्याची करडई त्यानं व्हय म्हणायचं. मगच वतायचं. म्हंजी पुन्ना भांडान नगं."

"सगळ्यांनाच असा नियम होता?" शिवलीलाने विचारलं.

"व्हय. पर बाकीची मानसं लगीच व्हय म्हणायची. ह्याला तंबाखू गालात सारल्याबिगर बोलताच यायचं न्हाय. लई वेळ लावायचा. हात भरून यायचा माझा." निकिता क्षणभर थांबली. "हात पणजीचा, माझा न्हाय."

मित्रांनो, हैदराबादच्या, नागपूरच्या, परदेशातल्या कितीतरी खोल्यांत किती मुलांनी आपला चौथा ठोका मागे ओढला असेल? ती सगळी जण नकळत एका संशयखोर शेतकऱ्याच्या होकारासाठी थांबत होती. होकार घाण्याच्या कण्हण्याखाली दबला होता आणि थांबणं तेवढं ऐकू येत होतं. तेच त्यांना सुंदर वाटलं. मला ते चुकीचं वाटत नाही. पण थांबणं कुणासाठी होतं, ते कळल्यावर मला ते जास्त आवडू लागलं.

मोजणी चालली होती. पन्नास झाले. शंभर झाले. नुसते आकडे आणि व्हय. शिवलीला एकटीच संगणकाच्या पडद्याकडे न पाहता माझ्या फिरणाऱ्या चकत्यांकडे पाहत होती. शंभरावर अकराला मी अडकले. फितीचा एक पदर दुसऱ्याला चिकटला होता. यंत्राने ओढ दिली आणि मी तुटले.

शिवलीलाने बटण बंद केलं, फीत बोटांनी सोडवून बाहेर घेतली. चार मापांएवढा भाग चुरगळला होता.

"राहू द्या, मॅडम," शिवपुत्र म्हणाला. "निम्मं संगनकात आलं. अजून लावली तर हायती फीतबी जाईल. एवढं ऱ्हाऊ द्या."

"आकडेच आलेत."

"आकडं तर आकडं. आवाज तर हाय की."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. पुढची फीत फाटली तर ती कायमची गेली असती, आणि पुढे नुसते आकडेच असण्याची शक्यता जास्त होती. शिवलीलाने आजीकडे पाहिलं.

नागूबाईंनी हाताने खूण केली, जोड म्हणून. मग ओठ हलवले.

"पणजी म्हणतीया, डब्यात ठिवून काय लोनचं घालायचंय का?"

शिवलीलाने नव्या ब्लेडने दोन्ही टोकं तिरकी कापली, मागून पातळ चिकटपट्टी लावली, नखाने दाबली. शंभरावर बारापासून पंधरापर्यंतची मापं माझ्यातून कायमची गेली. त्यांचा मला फारसा खेद नाही. मी पुन्हा फिरू लागले.

शंभरावर साठ. शंभरावर ऐंशी. दोनशे. "व्हय." आणखी सहा मापं, शेवटचं निम्मंच. मग माप जमिनीवर ठेवल्याचा आवाज. घाणा थांबला, बैलाने मान झटकली. फितीवर नुसती खरखर सुरू झाली. शिवपुत्रचा हात बटणाकडे निघाला आणि शिवलीलाने तो धरला.

खरखरीतून महालिंगप्पा बोलले. "झालं. पटलं का धोंडीबा? बरं. नागूबाई, आकडं पुरं आता. मशीन अजून चालूच हाय बघ. काय तरी बोल की हितं."

"म्या? म्या काय बोलू, अण्णा?"

"नाव सांग. गाव सांग. काय बी सांग."

आणि मग तो आवाज, जाड, खरखरीत, हसू दाबणारा :

"बोलीन की उंद्या. बोलनं काय पळून चाललंय व्हय? आदी ह्ये पोतं उचलाय हात लावा."

खट्. लाल बटण वर आलं होतं. पुढे माझ्यावर काही नाही.

शिवलीला हातात तोंड लपवून बसली. शिवपुत्र जमिनीकडे पाहत होता. निकिताने आधी यंत्राकडे पाहिलं, मग पणजीकडे. नागूबाई हसत होत्या. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते कसलं पाणी हे मला ओळखता आलं नाही. त्यांनी फडक्याने डोळे पुसले आणि निकिताला जवळ ओढून ओठ हलवले.

निकिता वळून सगळ्यांना म्हणाली, "पणजी म्हणतीया, दुसऱ्या दिवशी अण्णांनी मशीन आणलंच न्हाय."

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. आता मी शिवलीलाच्या कपाटात आहे आणि माझ्या पट्टीवर जुन्या तीन शब्दांखाली दोन नावं लिहिली आहेत, नागूबाई आणि धोंडीबा. तुम्ही खुशाल कापा, जोडा, वेग वाढवा, नवं काही रचा. आवाज वापरल्याने झिजतो त्याहून जास्त तो न ऐकल्याने झिजतो. एवढंच करा, ज्याचा आवाज घ्याल त्याचं नाव लिहून ठेवा आणि फीत शेवटपर्यंत ऐका. आणि तुमच्या घरात जे माणूस दिवसभर बोलतं, ज्याला तुम्ही कधीकधी गप्प बस म्हणता, त्याच्यासमोर आज यंत्र ठेवा. ते म्हणेल, काय बोलू? नंतर बोलते. तुम्ही बटण बंद करू नका.